पेज, वाटा आणि वांगडा : सिंधुदुर्गातील कामाच्या दुपारचे जेवण आणि मराठी साहित्यदृष्टी

प्रास्ताविक

मराठी साहित्यात अन्न येते ते बहुधा दोन रूपांत. एक रूप भुकेचे, दुसरे सणाचे. दलित आत्मकथने, कामगार कविता आणि झोपडपट्टीच्या जीवनावरील कादंबऱ्या पहिल्या रूपाभोवती उभ्या आहेत. आरवलीच्या जयवंत दळवी यांची 'चक्र' (१९६३) आणि करूळच्या मधु मंगेश कर्णिक यांची 'माहीमची खाडी' (१९६९) या दोन्ही कादंबऱ्या आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याशी नाते असलेल्या लेखकांच्या आहेत, दोन्ही मुंबईतील झोपडवस्तीच्या आहेत आणि दोहोंत अन्न ही प्रथम गरज म्हणून येते. याउलट कोकणावरील ललित गद्यात आणि आठवणीपर लेखनात गणपतीचे मोदक, शिमग्याची धामधूम, पितृपक्षातील म्हाळाच्या पंगती यांना मोठे स्थान आहे. तेथे अन्न ही स्मृती असते.

या दोन टोकांच्या मध्ये रोजचे एक जेवण उरते. ते उपासमारीचे नसते आणि मेजवानीचेही नसते. शेताच्या मेरेवर, समुद्राच्या पुळणीवर, काजूच्या कारखान्याच्या पडवीत, शाळेच्या शिक्षक-खोलीत, एस.टी.च्या आगारात काम थांबवून माणसे जे खातात, ते हे जेवण. त्याची तीन लक्षणे सांगता येतात. ते कामाच्या खंडात घडते, म्हणून त्याला वेळेचे बंधन असते. त्यातील सोबती रक्ताच्या नात्याने ठरत नाहीत. एकाच कामावर असणे एवढेच त्यांचे नाते. आणि त्यातील अन्न मुद्दाम केलेले नसते. घरी जे शिजले तेच बाहेर येते. या तिसऱ्या लक्षणामुळेच वाटून खाण्याला तेथे वेगळा अर्थ येतो. सणाच्या पंगतीत सर्वांच्या पानात एकच पदार्थ असतो, त्यामुळे देवघेवीला वाव नसतो. कामाच्या दुपारी प्रत्येकाचे घर त्याच्या डब्यातून उघडे होते.

प्रस्तुत लेखात सिंधुदुर्गातील, विशेषतः मालवण किनाऱ्यावरील, या जेवणाचा विचार तेथील भाषेच्या आधारे केला आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. पण त्याची बोली जुनी. तिला मालवणी म्हणतात तसेच कुडाळी असेही म्हणतात, आणि ग्रीअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) तिची नोंद कुडाळी म्हणूनच आहे. या बोलीतील पेज, वाटा आणि वांगडा हे तीन शब्द म्हणजे एकत्र खाण्यामागील तीन निरनिराळे संबंध आहेत, हा लेखाचा मुख्य प्रतिपाद्य विषय होय.

१. पेज : वेळ आणि कर्तव्य

पेज म्हणजे तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून, ते पाणी न टाकता मीठ घालून घेतलेले पातळ अन्न. मात्र सिंधुदुर्गात पेज म्हटली की ती उकड्या तांदळाची असे गृहीत असते. भात सालासकट वाफवून वा उकळून, वाळवून मग भरडले की उकडा तांदूळ होतो. या क्रियेत कोंड्याजवळचे काही पोषक अंश दाण्यात मुरतात, दाणा कणखर होतो आणि शिजल्यावर मोडत नाही. त्यामुळे पेजेत दाणा वेगळा आणि निवळ वेगळी राहते. उन्हात वा पावसात राबून घाम गाळणाऱ्या शरीराला पाणी, मीठ आणि धान्य एकाच घोटात मिळते. शेतकऱ्याने पेज स्वीकारली ती दारिद्र्यामुळे, असे सरसकट म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु तीत कामाची गरज ओळखणारे शहाणपणही आहे, हे विसरता कामा नये.

पेज हे खाद्य आहे तसेच ते काळाचे मापही आहे. न्याहारी आणि दुपारचे जेवण यांच्या मधली, साधारण दहा-अकराची वेळ ही पेजेची वेळ. घड्याळ घरोघर येण्यापूर्वी 'पेजेच्या वेळेला ये', 'पेज झाल्यावर निघू' ही वाक्ये नेमक्या वेळेचा बोध करून देत. भेटलेल्या माणसाला 'पेज जेवलंस?' असे विचारणे हे क्षेमकुशल विचारणेच होते. या प्रश्नातील क्रियापदही पाहण्यासारखे आहे. प्रमाण मराठीत पेज पितात. मालवणीत ती जेवतात. द्रवाला जेवणाचा दर्जा देणारे हे क्रियापद त्या अन्नाचे समाजातील स्थान सांगून जाते.

लावणीच्या दिवसांत पेजेचे सामाजिक रूप स्पष्ट होते. मृगाचा पाऊस स्थिरावला, तरवा तयार झाला की कुणगे थोड्या दिवसांत लावून काढावे लागतात आणि एका घराची माणसे त्याला पुरत नाहीत. शेजारी एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबतात, किंवा मजुरीने माणसे घेतली जातात. दोन्ही प्रकारांत ज्याचे शेत त्याने कामावरच्यांना पेज द्यावी, हा संकेत असतो. मजुरी ठरतानाही ती पेज-जेवणासह की त्याशिवाय, हा प्रश्न असतोच. घरातील बाई डोक्यावर पेजेचे भांडे आणि हातात निस्त्याक घेऊन मेरेवर येते. निस्त्याक हा शब्द मुळात मासळीच्या कालवणाशी जोडलेला. पण पावसाळ्यात ते बहुधा निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा, गोलमा, कुळथाची पिठी किंवा मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या कैरीची तोर असे असते. फणसाचे पान दुमडून काडीने टोचले की चमचा तयार होतो. चिखलाने माखलेले पाय तसेच ठेवून, डोक्यावरची इरली बाजूला करून माणसे मेरेवर ओळीने बसतात.

या प्रसंगात वाढणे हे कर्तव्य आहे. ते दान नव्हे. पेज पातळ निघाली, निस्त्याक कमी पडले, तर त्याची चर्चा दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या कुणग्यात होते आणि ती मालकिणीच्या कानी पोचावी अशा बेताने होते. पेज वाढणाऱ्या हातावर राबणाऱ्यांची अशी नजर असते. शेतमालक आणि मजूर यांच्यातील विषमता पेजेने मिटत नाही. पण तीत मालकाला उत्तरदायी धरणारी एक जागा निर्माण होते.

२. वाटा : श्रमाचा हक्क

दुसरा शब्द वाटा. मालवण किनाऱ्यावर त्याचा खरा अर्थ रापणीच्या पुळणीवर कळतो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचे मोठे जाळे. त्याच्या दोराचे एक टोक किनाऱ्यावरील माणसांच्या हाती असते. होडी जाळे सोडीत समुद्रात अर्धवर्तुळ घेते आणि दुसरे टोक काही अंतरावर किनाऱ्याला आणून देते. मग दोन्ही टोकांवर माणसांच्या दोन रांगा दोर ओढू लागतात आणि ओढता ओढता एकमेकींजवळ सरकतात. हे काम एकट्यादुकट्याचे नाही. त्यासाठी डझनावारी हात लागतात आणि म्हणून रापण ही मुळातच संघाची गोष्ट आहे.

ओढून आलेल्या मासळीचे वाटे पडतात. जाळ्याचा, होडीचा आणि राबणाऱ्या माणसांचा वाटा संघाच्या ठरलेल्या रीतीने निघतो. विक्रीचा भाग वेगळा आणि घरच्या कालवणापुरती मासळी वेगळी. येथे एक रूढी उल्लेखनीय आहे. संघाचा नसलेला, वाटेने जाणारा माणूस दोराला हात लावून ओढू लागला, तर त्यालाही मूठभर मासळी मिळते. त्याने आपले नाव सांगावे लागत नाही. त्याचा हात दोराला लागला होता एवढे पुरते. मागून घेतलेल्या मासळीला या व्यवहारात वाटा म्हणत नाहीत. ओढून मिळालेल्या मासळीला म्हणतात. मागणे आणि वाटा यांच्यातील हा भेद बोलीने काटेकोर जपला आहे.

मासळी बाजारातही हा शब्द वावरतो. लहान मासळी तराजूवर न जोखता फळीवर छोट्या ढिगांत मांडतात. त्या प्रत्येक ढिगाला वाटा म्हणतात आणि भाव वाट्याचा सांगतात. एका वाट्यात एका लहान कुटुंबाचे कालवण व्हावे, असे त्यामागील अलिखित माप असते. म्हणजे पुळणीवर वाटा हा श्रमाचा हिस्सा, बाजारात तो विक्रीचे माप आणि घरी तो जेवणाचा घास. एकच शब्द मासळीबरोबर समुद्रापासून चुलीपर्यंत चालत जातो.

मराठीत वाटणे या क्रियापदाचे हिस्से करणे, पाट्यावर बारीक करणे आणि मनाला भासणे असे तीन अर्थ आहेत. भाषाशास्त्रदृष्ट्या पहिल्याचे मूळ दुसऱ्या दोहोंपेक्षा वेगळे मानले जाते. म्हणून त्यांची सरमिसळ करून एखादे सोयीचे तत्त्वज्ञान उभारणे योग्य नव्हे. परंतु बोलणाऱ्याच्या मनात समरूप शब्द शेजारी शेजारी राहतात, हेही खरे. ओल्या नारळाचे वाटण आणि मासळीचा वाटा ही एकाच घरातील सकाळची दोन कामे असतात आणि त्यावरच्या कोट्या मालवणी माणसाला परक्या नाहीत.

यांत्रिक नौका आणि पर्ससीन जाळी यांच्या विस्तारानंतर रापणीला मासळी कमी पडू लागली. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे. तरीही पारंपरिक मच्छीमार आणि यांत्रिक मासेमारी यांच्यातील संघर्ष मालवणच्या किनाऱ्यावर वारंवार पेटत राहिला. त्या संघर्षाच्या आर्थिक बाजूवर बरेच बोलले जाते. भाषेच्या बाजूने पाहता, रापण थांबली तर वाटा हा शब्द उरेल, पण तो केवळ बाजारातील ढिगाचा वाचक म्हणून. दोराला हात लावणाऱ्या अनोळखी माणसाचा हक्क त्या शब्दातून निघून जाईल.

३. वांगडा : सोबत

तिसरा शब्द वांगडा. मालवणीत 'माझ्या वांगडा' म्हणजे माझ्यासोबत. शेजारच्या गोव्यात गावकरी संस्थेतील कुळांना वांगड म्हणतात. म्हणजे या शब्दकुळाला एकत्र असण्याचा, एका गटाचे असण्याचा अर्थ या किनाऱ्यावर जुनाच आहे. 'वांगडा जेवक बस' या निमंत्रणात पदार्थाचा उल्लेख नसतो. काय आहे हे महत्त्वाचे नसून कोणासोबत आहे हे महत्त्वाचे, असा त्याचा आशय.

या सोबतीच्या जेवणाचे एक जुने आदर्श चित्र भारतीय परंपरेत श्रीकृष्ण आणि गोपाळ यांचे आहे. भागवताच्या दशम स्कंधातील तेराव्या अध्यायात गोपाळ दुपारी वासरांना पाणी पाजून नदीकाठी कृष्णाभोवती वर्तुळाकार बसतात, आपापल्या शिदोऱ्या सोडतात आणि आपल्या अन्नाची चव एकमेकांना दाखवीत हसत-हसवीत जेवतात. या प्रसंगाकडे भक्तीच्या दृष्टीने पाहण्याची सवय असल्याने त्यातील एक गोष्ट नजरेआड होते. हे गोपाळ कामावर आहेत. वासरे राखणे हे त्यांचे काम आहे, आणि जेवणात गुंतल्यामुळे वासरे दूर जातात तेव्हा कृष्णाला हातातला घास तसाच घेऊन त्यांच्या शोधार्थ उठावे लागते. कामाने मध्येच तोडलेले हे जेवण आहे.

वारकरी परंपरेने या प्रसंगातून काला निर्माण केला. कीर्तनाची समाप्ती काल्याने होते आणि तुकारामांसह अनेक संतांनी काल्याचे अभंग रचले. काल्याचे तत्त्व असे की प्रत्येकाची शिदोरी एकत्र कालवली की कोणाचे काय होते हे ओळखता येत नाही. ज्याच्या घरचे ताक आंबट त्याची लाजही त्या मिश्रणात विरघळते.

सिंधुदुर्गात हा काला दशावताराच्या रूपाने वेगळेपणाने जिवंत आहे. ग्रामदेवतेच्या जत्रेत रात्रभर होणाऱ्या दशावतारी नाट्याला दहीकाला असेच नाव आहे आणि पहाटे त्याची सांगता दहीहंडी फोडून होते. या नाट्यातील नटही कष्टकरीच. एकेकाळी आपले पेटारे डोक्यावर वाहून ते गावोगाव पायी जात. रात्री राजाची भूमिका करणारा माणूस सकाळी ओझे उचलून पुढच्या गावाची वाट धरी. यजमान गावाने दिलेला शिधा एकत्र शिजवून मंडळींनी वांगडा जेवायचे आणि संध्याकाळी पुन्हा रंग लावायचा, असा त्यांचा क्रम. देव, दैत्य आणि स्त्रीपार्टी एकाच पंगतीला बसत. रंगभूमीवरील काल्याला या जेवणाचा अनुभव पाठीशी आहे, हे लोकनाट्याच्या अभ्यासकाने ध्यानी घेतले पाहिजे.

४. खानावळ : परगावची चूल

सिंधुदुर्गातील माणूस विसाव्या शतकात मोठ्या संख्येने मुंबईला गेला. तेव्हा हा भाग रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत होता आणि मुंबईच्या कापड गिरण्यांना त्या जिल्ह्याने फार मोठे मनुष्यबळ पुरवले. कुटुंब गावी, पुरुष गिरणीत, अशी ही विभागणी होती. गावच्या मंडळींनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीत पाळीपाळीने झोपायचे आणि खानावळीत जेवायचे, हा त्यांचा दिनक्रम झाला. खानावळ बहुधा एखादी बाई आपल्या राहत्या खोलीतच चालवी. महिनाअखेर पैसे, सणाला काही गोड आणि आठवड्यातून ठरलेल्या वारी मासळी वा मटण.

खानावळीने कोकणी चाकरमान्याला अन्नापलीकडचे काही दिले. एकाच तालुक्यातील माणसे एका खानावळीत जमत. गावचे पत्र तेथे वाचले जाई, सोडतीच्या भिशीचे पैसे तेथे मोजले जात आणि गावाहून आलेला आमसुलांचा वा कुळथाच्या पिठाचा पुडा बाईच्या हवाली केला जाई, म्हणजे त्याची चव सर्वांच्या ताटात जावी. वांगडा या शब्दाचा आशय येथे परमुलखात तगून राहिला.

खानावळ चालवणाऱ्या बायकांचे श्रम मात्र बराच काळ मोजले गेले नाहीत. त्यांना संघटित करून बँकेचे कर्ज मिळवून देण्याचे काम प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने १९७५ मध्ये सुरू केले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्या संपाचा इतिहास सांगताना बंद पडलेल्या गिरण्या मोजल्या जातात. त्यांच्याबरोबर विझलेल्या खानावळींच्या चुलीही मोजायला हव्यात. जेवणारे गावी परतले की खानावळवालीचे उत्पन्न संपते आणि थकलेले पैसे बुडतात.

नारायण सुर्वे यांच्या 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) आणि 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहांतील भाकरी याच गिरणगावातून आलेली आहे. तिचा अर्थ केवळ भूक असा लावणे अपुरे वाटते. गिरणगावात भाकरी मिळवणे ही झुंज होती, पण ती खाणे हा बहुधा सामुदायिक अनुभव होता. सुर्व्यांच्या कवितेत मी आणि आम्ही यांच्यात जी सहज ये-जा आहे, तिच्यामागे या सामुदायिकतेचे संस्कार पाहता येतात.

खुद्द सिंधुदुर्गातील खानावळीशीही मराठी साहित्याचा एक धागा जोडलेला आहे. चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजेच आरती प्रभू (१९३०-१९७६), यांनी कुडाळला खानावळ चालवली होती. 'जोगवा' (१९५९) हा त्यांचा पहिला संग्रह. त्यांच्या लेखनातील गूढ आणि भयाची चर्चा विपुल आहे. परंतु तऱ्हेतऱ्हेची माणसे दोन घास खाऊन जाणाऱ्या जागेचा मालक म्हणून त्यांनी जे ऐकले-पाहिले असेल, त्याचा त्यांच्या कथनातील माणसांच्या गर्दीशी काय संबंध, हा प्रश्न अभ्यासकाने विचारण्याजोगा आहे. ज्याच्या हाती वाढणे असते तो जेवणाऱ्यांना बारकाईने पाहतो.

५. डबा : देवघेवीचे सुख

शिक्षण आणि नोकरी यांच्या प्रसाराबरोबर पेजेच्या मडक्याची जागा डब्याने घेतली. मुंबईतील डबेवाल्यांची व्यवस्था १८९० च्या सुमारास सुरू झाली असे मानले जाते. त्या व्यवस्थेचे कौशल्य असे की हजारो डब्यांतून प्रत्येकाला नेमका आपलाच डबा मिळतो. सिंधुदुर्गातील शाळा, कचेऱ्या आणि कारखाने यांतील दुपारचे कौशल्य याच्या नेमके उलट आहे. तेथे प्रत्येकाला आपल्या डब्याखेरीज इतरांच्याही डब्यातले मिळते.

या देवघेवीचे काही संकेत आहेत. डबे एकदम उघडायचे. कोणी आधी सुरुवात केली तर ते खटकते. आपला पदार्थ दुसऱ्याच्या झाकणात वाढताना तो फार चांगला झाला आहे असे म्हणायचे नसते. 'जरा चव बघ' एवढेच. घेणाऱ्याने नको म्हणायचे नसते आणि सगळे संपवायचेही नसते. कोणाचा डबा घरी राहिला असेल तर त्याची चौकशी न करता प्रत्येकाने थोडे थोडे त्याच्यापुढे सरकवायचे. या प्रसंगी त्याचे ताट सर्वांत भरलेले असते आणि त्यावरून चेष्टाही होते. दुसऱ्याचा डबा परत करताना तो रिकामा द्यायचा नाही, हा घरगुती रिवाज येथेही पाळला जातो.

डब्यातील पदार्थ प्रवासाला टिकणारे असावे लागतात आणि त्यातून स्वयंपाकाचे एक उपशास्त्र तयार झाले आहे. नारळाच्या रसाची सोलकढी दुपारपर्यंत टिकत नाही. म्हणून आगळाच्या पाण्याची, नारळाविना केलेली तिवळ बाटलीतून येते. मासळीचे पातळ कालवण सांडते. म्हणून सुके किंवा तळलेली तुकडी येते. आदल्या रात्रीचे कालवण आटवून घट्ट केले की त्याची चव खुलते. गोव्यात या आटवलेल्या कालच्या कढीला स्वतंत्र मान आहे आणि मालवणी डब्यातही ती ओळखीची आहे. घावणे गार झाले तरी मऊ राहतात, आंबोळीचेही तसेच.

दिनदर्शिकाही डब्यात उतरते. सोमवारी बहुसंख्य घरांत मासळी नसते. श्रावणात डबे शाकाहारी होतात आणि फणस, अळू, भाजीचे कंदमूळ यांना मान येतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी-बंदीच्या काळात सुकी मासळी बाहेर निघते. ज्याच्या घरी वार पाळत नाहीत त्याचा सोमवारचा डबा हळूच कोपऱ्यात उघडतो आणि त्यावरील टोमणे हा त्या दिवसाचा ठरलेला विनोद असतो. भिन्न आचाराची माणसे एका टेबलाशी बसण्याची ही रोजची तालीम होय.

या देवघेवीत स्त्रीला मिळणारे एक सुख वेगळे नोंदवले पाहिजे. घरी ती वाढणारी असते आणि बहुधा शेवटी जेवते. उरेल ते तिच्या वाट्याला येते. शिक्षिका, परिचारिका, कारकून वा काजू कारखान्यातील कामगार म्हणून ती दुपारी डबा उघडते तेव्हा ती प्रथमच इतरांबरोबर, गरम नसले तरी पुरेसे, कोणी तरी आग्रहाने वाढलेले जेवते. तिच्या तिखल्याची वा पिठीची ज्या शब्दांत येथे स्तुती होते, त्या शब्दांत ती घरी होत नाही, कारण घरच्यांना ती चव सवयीची असते. वेंगुर्ले आणि सावंतवाडी परिसरातील काजू कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांची बोटे काजूच्या डिंकाने डागाळलेली असतात. तरी दुपारी त्याच बोटांनी एकमेकींच्या डब्यात लोणच्याची फोड ठेवली जाते. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' (१९१०) किंवा कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' (१९७०) ही पाकशास्त्राची पुस्तके मराठी गृहिणीने जिव्हाळ्याने वापरली. त्यांतील स्वयंपाक करणारी बाई घरासाठी रांधते. ती स्वतः कोठे, कोणासोबत आणि केव्हा जेवते हा पाककृतीचा विषय नव्हे. तो साहित्याचा विषय आहे.

२०२० च्या साथीत अंतर राखून बसण्याची सक्ती आली आणि डबा एकट्याने खावा लागला. अन्न तेच, वेळ तीच. तरीही जेवण बेचव होऊ शकते, हे त्या काळाने दाखवून दिले.

६. वाटून खाण्याच्या मर्यादा

येथवरच्या विवेचनावरून कामाच्या दुपारचे जेवण म्हणजे समतेचे बेटच, असा समज होऊ नये. मेरेवरच्या पेजेत जातीप्रमाणे बसण्याच्या जागा ठरत असत. काहींच्या पानात वा द्रोणात पेज वरून ओतली जाई आणि भांड्याला हात लागू दिला जात नसे. ज्या चिखलात सर्वांनी मिळून तरवा लावला, त्याच चिखलाच्या काठावर अन्न मात्र विभागले जाई. श्रम एकत्र आणि अन्न वेगळे, ही विसंगती त्या काळच्या बहुतेकांना विसंगती वाटतही नव्हती.

या भिंतीवर कोकणात जाणीवपूर्वक आघातही झाले. रत्नागिरीत १९३० नंतरच्या दशकात झालेली सहभोजने प्रसिद्ध आहेत. कणकवलीला गोपुरी आश्रम स्थापन करणाऱ्या (१९४८) अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाईच्या कामालाच प्रतिष्ठा देण्याचा मार्ग धरला. सहभोजन आणि कामाच्या दुपारचे जेवण यांतील भेद येथे उपयुक्त ठरतो. सहभोजन हे जाहीर, योजलेले आणि एका दिवसाचे असते. त्याचे मोल प्रतीकाचे आहे. शाळेच्या खोलीतील डबा अघोषित आणि रोजचा असतो. त्याचे मोल सवयीचे आहे. पहिल्याने दार उघडले, दुसऱ्याने उंबरठा झिजवला.

तथापि सवयीतही बारीक भेद लपून राहतात. कोणाच्या डब्यातून सर्वजण घेतात आणि कोणाच्या डब्याला आज पोट भरले आहे असे सांगून हात लागत नाही, हे पाहणे अभ्यासकाचे काम आहे. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान' (२००३) या कोकणातील आत्मकथनात अन्न, जात आणि शाळा यांचे नाते वारंवार येते, आणि एकत्र खाण्याच्या प्रसंगातही अवमान कसा शिरतो हे त्यातून कळते. शालेय मध्यान्ह भोजनाची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले. सर्व मुलांना एक अन्न, हे त्या योजनेचे मोठे यश. मात्र एकच खिचडी ताटात आली तरी कोण कोणाच्या शेजारी बसते, हा प्रश्न उरतोच.

समारोप

पेज, वाटा आणि वांगडा या तीन शब्दांत एकत्र खाण्याचे तीन संबंध आहेत. पेजेत राबवून घेणाऱ्याचे कर्तव्य आहे, वाट्यात राबणाऱ्याचा हक्क आहे आणि वांगडा या शब्दात कर्तव्य व हक्क यांच्या पलीकडची सोबत आहे. खानावळ आणि डबा ही या संबंधांची नागर रूपे होत. कर्तव्य नसेल तर पेज पातळ होते, हक्क नसेल तर वाट्याची भीक होते आणि सोबत नसेल तर डबा केवळ पोट भरतो. या तिन्हींचा मेळ क्वचित आणि थोड्या वेळासाठीच बसतो. पण तो रोज बसण्याची शक्यता असते, म्हणूनच त्याचे मोल सणापेक्षा कमी नाही.

साहित्याच्या अभ्यासकासमोर यातून दोन कामे उभी राहतात. पहिले वाचनाचे. कथा-कादंबरीत जेवणाचा प्रसंग आला की त्याला केवळ वातावरणनिर्मिती मानून पुढे न जाता, वाढणारे कोण, घेणारे कोण, कोण उभे आणि कोण बसलेले, कोणाचे अन्न कोणी नाकारले, हे प्रश्न विचारले पाहिजेत. दुसरे काम नोंदीचे. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात कोकणातील शब्दांच्या खुणा आहेत. परंतु शब्दकोश शब्दाचा अर्थ देतो, त्याच्या वापराचा प्रसंग देईलच असे नाही. पेजेची वेळ, कुणग्यातील बसण्याचा क्रम, रापणीतील वाट्यांची रीत, दशावतारी मंडळींच्या शिध्याची पद्धत ही माहिती आज वयोवृद्धांच्या बोलण्यात आहे. सिंधुदुर्गातील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना ती मिळवण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. ती त्यांच्या घरच्या पडवीत बसलेली आहे. मात्र ती विचारावयाची तर वही घेऊन समोर बसण्यापेक्षा पेजेच्या वेळेला जाणे अधिक फलदायी ठरेल. त्या वेळी गेलेल्या माणसाला प्रथम बसावयास सांगतात, मग वाढतात आणि त्यानंतर आपोआप बोलू लागतात.